चर्चचं पार्किंग आणि समोरचा पार्किंगवाला

दरवर्षी गणपतीच्या आदल्या शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही सहा-सात जण चर्चच्या हॉलच्या दाराशी किल्लीची वाट बघत उभे असतो. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मराठी मंडळाला स्वतःची जागा नाही. मखर, सतरंज्या, ढोल, मोदकांचे डबे सगळं गाड्यांच्या डिकीतून उतरवायचं आणि रात्री पुन्हा भरायचं. मी पाच वर्षं मंडळाची खजिनदार होते, त्यामुळे हॉलच्या भाड्याचा चेक माझ्या सहीनं जायचा. पावतीवर एकच आकडा असायचा. त्यात हॉल, खुर्च्या-टेबलं, माइक, किचन आणि साफसफाई सगळं आलं.

हे चर्च रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. रविवारी आवारात भाविकांच्या गाड्या असतात. सोमवार ते शुक्रवार तिथेच न्यूयॉर्कला नोकरीला जाणाऱ्यांच्या गाड्या लागतात, दिवसाला सहा डॉलर देऊन. रस्त्याच्या पलीकडे एका कुटुंबाचा छोटासा पार्किंग लॉट आहे, तिथला दर आठ डॉलर. हिवाळ्यात एकदा माझी गाडी तिथे अडकली होती, तेव्हा मालकानं स्वतः फावडं घेऊन भोवतीचा बर्फ काढून दिला. त्या दिवशी तो बोलता बोलता म्हणाला, “समोरच्यांना कर नाही, मला आहे. सहा डॉलरला मला परवडायचं कसं?”

पुढच्या वेळी चेक द्यायला गेले तेव्हा मी चर्चच्या हिशेबाचं काम बघणाऱ्या आजोबांना सरळ विचारलं. निवृत्त माणूस, चर्चकडून एक पैसा न घेता हे काम करतो. ते म्हणाले, “आम्ही चर्च आहोत, आम्हाला कर लागत नाही. आणि पार्किंगचा एकूण एक पैसा फूड पॅन्ट्रीला जातो.” ते खरं बोलत होते. ती पॅन्ट्री मी पाहिली आहे. गुरुवारी संध्याकाळी तिथे रांग लागते, लोक डबाबंद चणे, दूध, मुलांची डायपर घेऊन जातात. आमचं मंडळही दिवाळीत तिथे तांदूळ आणि डाळीची पोती देतं.

तरीही माझं मत असं आहे की त्या पार्किंगच्या नफ्यावर कर लागला पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यानं तो लागतोही, आणि तसा तो लागणं चर्चच्याही हिताचं आहे. आजोबांचं वाक्य इतकं सहज पटतं की त्यात चूक कुठे आहे हे शोधायला मला बराच काळ लागला.

एके काळी त्यांचं म्हणणं हाच कायदा होता. फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात असतानाची गोष्ट. तिथल्या डॉमिनिकन पंथाच्या एका जुन्या संघाकडे जमिनीची भाडी, शेअर्सवरचा लाभांश आणि व्याज यायचं. शिवाय आपल्याच चर्चना, मिशनना, शाळांना वाइन आणि चॉकलेट पुरवून थोडे पैसे सुटायचे. करवसुली अधिकाऱ्यानं या सगळ्यावर कर मागितला. 1924 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं संघाच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की उत्पन्न कुठून आलं याबद्दल कायदा काहीच बोलत नाही, ते कुठे जातं हीच करमाफीची अखेरची कसोटी. पैसा धर्मकार्याला जातो ना? मग प्रश्न मिटला.

पुढची पंचवीस वर्षं या निकालाच्या आडोशानं काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. सगळ्यांत गाजलं ते मॅकरोनीचं प्रकरण. सी. एफ. म्युलर ही मॅकरोनी बनवणारी मोठी कंपनी 1947 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलसाठी विकत घेतली गेली. कारखाना तोच, कामगार तेच, दुकानांतली पाकिटं तीच. फक्त नफा लॉ स्कूलला जायला लागला आणि म्हणून त्यावर कर नाही असा दावा झाला. वरच्या न्यायालयानं 1951 मध्ये जुन्या कायद्याखाली तो दावा मान्यही केला. पण तोवर संसदेनं हालचाल केली होती. मॅकरोनी बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीनं काय पाप केलं होतं? तिला नफ्यातून कर भरायचा, उरलेल्यातून नवं यंत्र घ्यायचं. म्युलरला अख्खा नफा वापरता येणार. काही वर्षांत बाजारात कोण उरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

1950 च्या कायद्यानं म्हणून पाया बदलला. पैसा कुठे जातो यासोबत तो कुठून आला हेही विचारायचं ठरलं. करमाफ संस्थेनं तिच्या मूळ कामाशी संबंध नसलेला धंदा चालवला तर त्या धंद्याच्या नफ्यावर सर्वसाधारण धंद्यासारखा कर. संस्थेची करमाफी शाबूत, वर्गणी-देणग्या शाबूत, फक्त त्या एका धंद्यापुरता कर. पण चर्चना या नियमातून वगळलं गेलं आणि पुढची एकोणीस वर्षं ती वगळलेलीच राहिली.

त्या एकोणीस वर्षांत पळवाट दिसली आणि लोक तिच्यातून गेले. ओहायोतल्या ॲक्रन शहराजवळ कॅथेड्रल ऑफ टुमॉरो नावाचं टीव्हीवर गाजलेलं चर्च होतं. 1960 च्या दशकात त्याच्या मालकीची ब्रुकलिनमध्ये एक कंपनी होती, आणि ती बायकांचे गर्डल, म्हणजे पोट-कंबर आवळून धरणारी अंतर्वस्त्रं, बनवायची. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यातले ख्रिश्चन ब्रदर्स, म्हणजे शाळा चालवणाऱ्या एका कॅथॉलिक संघाचे लोक, वाइन आणि ब्रँडी करायचे. उत्तम करायचे आणि देशभर विकायचे. आपणही चर्चच आहोत, म्हणून कर नको, असा त्यांचा दावा होता. 1961 मध्ये तिथल्या न्यायालयानं तो फेटाळला. शाळा चालवणारी, बाजारासाठी ब्रँडी करणारी संस्था चर्चशी जोडलेली असली म्हणून ती स्वतः चर्च होत नाही, असं न्यायालय म्हणालं.

या इतिहासातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट 1969 ची आहे. ही सूट काढा असं त्या वर्षी चर्चनीच सांगितलं. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस आणि कॅथॉलिक बिशपांची यूएस कॅथॉलिक कॉन्फरन्स या दोन्ही संस्थांनी मिळून निवेदन दिलं की असंबंधित धंद्यावरच्या करातून चर्चना मिळणारी सवलत रद्द करावी. त्याच वर्षीच्या करसुधारणा कायद्यानं ती रद्द झाली. आधीपासून चालत असलेल्या धंद्यांना आवराआवर करायला 1976 पर्यंत मुदत मिळाली. धर्मावर घाला आला अशी ओरड आज जेव्हा कानावर येते तेव्हा मला ते निवेदन आठवतं. गर्डलच्या कारखान्याची बदनामी आपल्या वेदीवर येऊ नये हे त्या धर्मगुरूंना कळत होतं.

आता आमच्या गावातल्या पार्किंगकडे परत येते. कायदा तीन गोष्टी बघतो. तो धंदा आहे का, नियमितपणे चालतो का, आणि धर्मकार्याशी त्याचा खरोखर संबंध आहे का. तिसऱ्या प्रश्नातच खरी मेख आहे, कारण नियमात स्पष्ट म्हटलंय की नफा धर्मकार्याला लागतो एवढ्यावर संबंध सिद्ध होत नाही. नोकरीला जाणाऱ्यानं गाडी लावणं आणि प्रार्थना यांचा काही संबंध नाही. नियमितपणाबद्दल तर नियमावलीत पार्किंगचंच उदाहरण आहे. दर शनिवारी, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस पार्किंगचा धंदा चालवला तरी तो नियमित धंदा. याउलट रुग्णालयाच्या मदतमंडळानं जत्रेत दोन आठवडे सँडविचचा स्टॉल टाकला तर तो नियमित नव्हे. आमचं चर्च आठवड्याचे पाच दिवस पार्किंग चालवतं.

रक्कम केवढी? समजा चाळीस गाड्या, सहा डॉलर, वर्षाचे 250 दिवस. साठ हजार डॉलर होतात. बर्फ काढणं, विमा, कार्डाचं यंत्र, रखवालदाराचा पगार मिळून पंचवीस हजार गेले. उरले पस्तीस हजार. त्यातून कायद्यानं मिळणारी एक हजाराची वजावट काढली की 34,000 वर 21 टक्के, म्हणजे 7,140 डॉलर. फूड पॅन्ट्रीला तरीही सत्तावीस-अठ्ठावीस हजार मिळतात. रांग बंद पडत नाही. समोरच्या माणसालाही आपल्या नफ्यावर कर भरूनच घर चालवायचं असतं, आणि त्यातून तो दान करतो का नाही हे आपल्याला माहीत नाही. त्यानं दान केलं म्हणून त्याला कोणी अख्खा कर माफ करत नाही. साधारणपणे कंपनीला करपात्र उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचं दान वजा करता येतं. चर्चच्या बाजूच्या धंद्यालाही, दुसऱ्या करमाफ संस्थेला दिलेल्या दानासाठी, तेवढीच दहा टक्क्यांची सवलत आहे. दोघांना एकच माप.

यावर पहिला आक्षेप येतो तो धर्मस्वातंत्र्याचा. कर लावणाऱ्याच्या हाती संस्थेचा गळा असतो, म्हणून सरकारनं देवाच्या दारात हिशेब मागायला येऊ नये. हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. मंदिरात, चर्चमध्ये, मशिदीत सरकारी अधिकारी वह्या तपासत बसलाय हे चित्र मलाही नको आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये वॉल्झ खटल्यात चर्चच्या जागेला मिळणारी मालमत्ता करातली माफी वैध ठरवली, त्यामागे सरकार आणि धर्म यांची गुंतागुंत वाढू नये हा विचार होता. 1984 पासून तर चर्चची करचौकशी सुरू करायलाही वेगळी कडक पद्धत आहे: आधी वरिष्ठ अधिकाऱ्याची सबळ कारणाबद्दल खात्री व्हावी लागते, मग लेखी नोटीस. हे संरक्षण राहिलंच पाहिजे. पण ते पूजेसाठी आहे, दानपेटीसाठी आहे, प्रवचनासाठी आहे. पार्किंगच्या यंत्रातून निघणाऱ्या पावतीत श्रद्धेचा भाग कोणता? उलट धंद्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवून त्याचा कर भरला की दानपेटीकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरत नाही. दोन्ही एकाच वहीत कालवले की पहिला संशय दानपेटीवरच येतो.

दुसरं म्हणणं असं की चर्चमधली कामं लोक प्रेमानं, फुकट करतात, त्याला बाजाराचे नियम कशाला? इथे कायद्यानं बऱ्यापैकी शहाणपण दाखवलंय. जवळपास सगळं काम स्वयंसेवकांनी विनामोबदला केलं असेल तर त्या धंद्यावर हा कर लागत नाही. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान, तेही करमुक्त. भाविकांच्या सोयीसाठी चालणारं कँटीनही. कायदेशीर बिंगोसुद्धा बऱ्याच ठिकाणी सुटतो. त्यामुळे महिला मंडळानं घरून केक करून आणून विकला तर कर द्यावा लागेल, ही भीती निराधार आहे. मात्र विनामोबदला म्हणजे खरंच विनामोबदला. शायलो यूथ रिव्हायव्हल सेंटर्स या धार्मिक संस्थेतली तरुण मंडळी कंत्राटावर जंगलात झाडं लावायची. आमचे लोक पगार घेत नाहीत, असा संस्थेचा बचाव होता. करन्यायालयानं 1987 मध्ये सांगितलं की त्यांना मिळणारं राहणं, जेवण आणि इतर सोयी हाच मोबदला. मला हा निकाल कठोर वाटत नाही. ज्या तरुणाचं सगळं आयुष्य संस्थेच्या छपराखाली आहे त्याच्या घामाची किंमत शून्य धरून दुसऱ्या कंत्राटदाराला बाजारातून हुसकावणं, हे त्या तरुणावरही अन्यायाचंच आहे.

इथे भारतीय वाचकांसाठी एक सांगायला हवं. अमेरिकेच्या करकायद्यातला ‘चर्च’ हा शब्द देवळाला, मशिदीला, गुरुद्वाऱ्याला, सिनेगॉगलाही लागू होतो. देवळाच्या तळघरात भक्तांसाठी डोसे निघतात, ते सोयीत बसतं. तेच किचन शहरभरच्या लग्नांची जेवणं घ्यायला लागलं, पगारी आचारी ठेवून, दरपत्रक छापून, की प्रश्न बदलतो. आपल्या माणसांचं देऊळ म्हणून मी इथे वेगळा न्याय लावू शकत नाही. पलीकडच्या रस्त्यावर पोळीभाजी केंद्र चालवणारी बाईही आपलीच असते.

भाड्याची गोष्ट थोडी किचकट आहे आणि गैरसमज होतो तो तिथेच. जागेचं साधं भाडं सहसा करमुक्त असतं. म्हणजे आमच्या हॉलचं भाडं घेतल्यानं चर्चवर कर येत नाही. खुर्च्या, माइक यांचं भाडं एकूण भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर तेही त्यात खपतं. त्याहून वाढलं तर तेवढ्या भागावर कर. दिवे, हीटिंग, कचरा उचलणं ठीक. पण स्वयंपाकी, वाढपी, भाडेकरूच्या सोयीची खास सेवा द्यायला लागलं की ते भाडं उरत नाही, तो मंगल कार्यालयाचा धंदा होतो. जागा कर्ज काढून घेतली असेल तर आणखी वेगळे नियम, पण 85 टक्के वापर धर्मकार्याला असला तर त्यातूनही सुटका आहे. आणि पार्किंग? गाडी लावायचे पैसे नियमानं भाड्यात धरले जातच नाहीत. मात्र चर्चनं अख्खी जागाच एखाद्या पार्किंगवाल्याला ठरावीक भाड्यानं दिली तर ते भाडं करमुक्त.

काही जणांना हा शेवटचा नियम म्हणजे शब्दांचा खेळ वाटतो. जागा तीच, गाड्या त्याच, पैसाही शेवटी चर्चलाच. मला तो खेळ वाटत नाही. जागा भाड्यानं दिली की गाड्यांचा धंदा भाडेकरूचा होतो आणि त्याच्या नफ्यावर तो समोरच्यासारखाच कर भरतो. दर ठरवताना दोघांच्या पाठीवर सारखंच ओझं. चर्चला जागेचा मोबदला मिळतो, तो तिच्या मालकीचा आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती करमाफीच्या बळावर शेजाऱ्यापेक्षा स्वस्त विकण्याला.

एवढं म्हटल्यावर हेही म्हणायला हवं की सरकारनं ही रेषा नेहमी नीट ओढलेली नाही. 2017 च्या करकायद्यात एक कलम घुसलं: संस्थेनं आपल्या नोकरांना दिलेली पार्किंगची सोय हीच असंबंधित धंद्याचं उत्पन्न मानायची. म्हणजे ज्या चर्चनं आयुष्यात कधी पार्किंगचा एक डॉलर घेतला नाही, तिनंही पास्टरसाठी आणि कारकुनासाठी राखलेल्या जागा मोजायच्या, त्यांचा खर्च काढायचा आणि कराचा फॉर्म भरायचा. ‘पास्टर’ अशी पाटी लावलेल्या दोन जागांचा खर्च कसा काढायचा यावर आमच्या आजोबांनी अख्खा महिना घालवला होता. नफा नाही, गिऱ्हाईक नाही, शेजारी स्पर्धक नाही, कर कशावर? चर्च, देवळं, सेवाभावी संस्था सगळ्यांनी विरोध केला, आणि डिसेंबर 2019 मध्ये संसदेनं ते कलम मागील तारखेपासून रद्द केलं. योग्यच झालं. पण त्या दोन वर्षांनी एक नुकसान करून ठेवलं. पार्किंग आणि कर हे दोन शब्द एकत्र आले की आता छोट्या चर्चमधल्या लोकांना वाटतं, ती कटकट संपली, आपण सुटलो. रद्द झालेला कर नोकरांच्या पार्किंगवरचा होता. पैसे घेऊन परक्यांच्या गाड्या लावण्यावरचा कर कधीच गेला नाही. आजोबांचा गैरसमज यातूनच झाला असावा असं मला वाटतं, त्यांच्या मनात खोट असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही.

दुसरी चूक त्या एक हजार डॉलरच्या वजावटीची. ही रक्कम 1950 मध्ये ठरली आणि आजही तीच आहे. 1950 चे हजार डॉलर म्हणजे आजच्या भावात तेरा हजारांच्या आसपास. ज्यांनी कायदा केला त्यांना किरकोळ गोष्टींत लक्ष घालायचं नव्हतं. आज मात्र महिन्याला शंभर डॉलर मिळवणारा उपक्रमही फॉर्म भरायच्या रांगेत येतो, कारण एकूण उत्पन्न हजारावर गेलं की विवरणपत्र बंधनकारक. शंभर माणसांच्या चर्चला अकाउंटंटची फी करापेक्षा जास्त पडते. ही मर्यादा दहा-पंधरा हजारांवर नेली पाहिजे आणि महागाईशी बांधली पाहिजे. त्यानं सरकारचं फारसं बुडणार नाही, आणि कर न भरण्याची सवय लागलेली छोटी माणसं कायद्याच्या बाजूला येतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. आमचं मंडळ तीनशे कुटुंबांचं. तिकिटं, वर्गणी, देणग्या मिळून जी काही उलाढाल होते तिचं विवरण आम्ही दरवर्षी भरतो आणि ते कोणालाही बघता येतं. ज्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही गणपती बसवतो तिला, ती कितीही मोठी असली तरी, असं वार्षिक विवरण द्यायची सक्ती नाही. छोट्या चर्चच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पण सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या एन्साइन पीक या संस्थेकडे सुमारे शंभर अब्ज डॉलर आहेत हे जगाला 2019 मध्ये एका माजी कर्मचाऱ्यामुळे कळलं. 2023 मध्ये शेअर बाजार नियामकानं गुंतवणूक नीट जाहीर न केल्याबद्दल त्या संस्थेला चाळीस लाख आणि चर्चला दहा लाख डॉलर दंड केला. यात करचुकवेगिरीचा निष्कर्ष नव्हता, हे मुद्दाम सांगते. लाभांश आणि व्याज करमुक्त आहेतच, आणि आपले व्यापारी उद्योग कर भरतात असं त्या चर्चचं म्हणणं आहे. माझा मुद्दा उघडपणाचा आहे. धंदा कोणता आणि गुंतवणूक कोणती, किती रक्कम कुठल्या खात्यात, हे बाहेर कुणालाच दिसत नसेल तर कर लागतो का हा प्रश्न विचारायचा कुणी? ठरावीक उलाढालीच्या वरच्या धर्मसंस्थांनी, सगळ्या धर्मांच्या, निदान आपल्या धंद्यांचा आणि गुंतवणुकीचा ताळेबंद जाहीर करावा. कोणी किती दान दिलं, कुणाच्या घरी पास्टर गेले, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सगळा वाद परका वाटू नये. देवस्थानाचं मंगल कार्यालय, भक्तनिवास, आवारातले गाळे हे आपल्याकडे रोजचंच. भारताच्या 1961 च्या आयकर कायद्यात कलम 11(4अ) होतं: धर्मादाय न्यासानं चालवलेला धंदा त्याच्या उद्दिष्टांना आनुषंगिक असेल आणि त्याचे हिशेब वेगळे ठेवले असतील तरच करमाफी. पण आनुषंगिक म्हणजे काय? 2001 मध्ये थांथी ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धंद्याचं उत्पन्न न्यासाच्या उद्दिष्टांना लागत असेल तर तो आनुषंगिक मानावा. ही 1924 चीच कसोटी झाली, पैसा कुठे जातो ती. 2022 मध्ये त्याच न्यायालयानं धर्मादाय संस्थांच्या व्यवसायाकडे बघण्याची नजर बरीच कडक केली, आणि मला ते योग्य दिशेनं टाकलेलं पाऊल वाटतं.

जीएसटीत मात्र आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा सरळ आहे. सर्वांसाठी खुल्या धर्मस्थळाच्या आवारातली खोली दिवसाला हजार रुपयांच्या आत असेल, हॉल किंवा कार्यालय दिवसाला दहा हजारांच्या आत, गाळा महिन्याला दहा हजारांच्या आत, तर भाड्यावर कर नाही. हजाराची खोली झाली की कर. गरीब वारकऱ्याची खोली सुटते, वातानुकूलित सूट सुटत नाही. हे आकडे कालांतरानं जुने होतील, त्यावर भांडता येईल, पण देवस्थानाच्या कारकुनाला वकिलाला न विचारता आपण कुठे आहोत ते कळतं. न्यू जर्सीतल्या आजोबांना हे कळत नाही, आणि त्यांच्यासारखा प्रामाणिक माणूस नियम न कळल्यामुळे चुकीच्या बाजूला उभा राहतो हे मला फार लागतं.

दुसऱ्यांच्या पार्किंगबद्दल इतकं लिहिल्यावर मंडळाच्या स्मरणिकेबद्दल गप्प बसणं बरोबर होणार नाही. तीत घरं विकणाऱ्यांच्या, वकिलांच्या, मिठाईवाल्यांच्या जाहिराती असतात. आम्हीही चर्चसारखेच करमाफ, म्हणून हाच नियम आम्हालाही लागू. नियतकालिकातल्या जाहिराती हा असंबंधित धंदा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेच्या खटल्यात सांगितलंय. वर्षातून एकदा निघणाऱ्या स्मरणिकेचं वेगळं. नियमितपणाच्या कसोटीवर ती सुटावी, कॉलेजच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल 1990 मध्ये तसा निकाल आहे. शिवाय पुरस्कर्त्याचं नाव, बोधचिन्ह आणि फोन नंबर छापून आभार मानले तर ती जाहिरातच नव्हे. ‘सर्वांत स्वस्त दर, आजच फोन करा’ असं छापलं की जाहिरात. मी खजिनदार असताना आमच्या स्मरणिकेची अर्धी पानं या दुसऱ्या प्रकारची होती. स्मरणिका वर्षातून एकदाच निघते या आधारावर आम्ही चाललो, पण आता आमची मासिक वार्तापत्रिका निघते आणि तीत त्याच जाहिराती येतात. तिला तो आधार पुरत नाही.

गेल्या बैठकीत मी हे मांडलं. दोन तास चर्चा झाली, एक जण चिडून म्हणाला की आपण मुलांच्या मराठी शाळेसाठी तर पैसे जमवतोय. आजोबांचंच वाक्य, मराठीत. वार्तापत्रिकेच्या जाहिरातींचा हिशेब या वर्षीपासून वेगळ्या वहीत लिहायचा असं शेवटी ठरलं, आणि कर निघाला तर तो भरायचा. आजोबांना मी करखात्याची चर्चसाठीची माहितीपुस्तिका छापून नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून तिथेच चाळली, पार्किंगच्या उदाहरणापाशी थांबले आणि पान दुमडून ठेवलं. येत्या शनिवारी हॉलची अनामत द्यायला जायचं आहे. यंदा पावतीवर हॉल, खुर्च्या-माइक, किचन आणि साफसफाई वेगवेगळं लिहून द्या, असं त्यांना सांगणार आहे.